हजेरीपट कोणत्या वर्षाचा?

नांदेडच्या कॉलेजात १९९२ साली बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलेल्या कोणालाही 'तुमचं विद्यापीठ कोणतं?' असं विचारून बघा. तो आधी हसेल. प्रवेश घेतला तेव्हा मराठवाडा विद्यापीठ होतं, औरंगाबादचं, १९५८ साली सुरू झालेलं. दुसरं वर्ष निम्मं होतं न होतं तोच १४ जानेवारी १९९४ला त्याचा नामविस्तार झाला. तिसऱ्या वर्षाचे वर्ग जेमतेम बसले आणि १७ सप्टेंबर १९९४ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडलाच स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं नवं विद्यापीठ झालं. नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजं त्याच्याकडे गेली. या सगळ्याच्या मधे किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्याच दिवशी लोकांनी गणपती बुडवले होते.

या बॅचला पास होऊन तीस वर्षं झाली म्हणून गेट टुगेदर ठरलं आहे. कमिटी आहे, वर्गणी आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. ग्रुपचा पहिला नियमही ठरला आहे : राजकारण आणि जातपात नको.

कमिटीचा सगळा भार ज्याच्या डोक्यावर आहे तो नांदेडच्या मोंढ्यात अडतीचं दुकान चालवतो. ज्या एका वर्गमैत्रिणीनं येणार नाही म्हणून कळवलं ती लातूरला ट्यूशन एरियात मेस चालवते. तिला समजवायला तो लोहा, माळेगाव, अहमदपूर करत लातूरला निघाला आणि गाडीत जागा होती म्हणून मीही बसलो. दोघांची नावं देण्याचं कारण नाही. गावाच्या नावानंच ओळखू. दुपारचे डबे परत येऊन पडले होते, संध्याकाळच्या स्वयंपाकाला अजून तास-दीड तास होता, तेवढ्यात झालेलं हे बोलणं.

नांदेड : ताई, ग्रुपमधून बाहेर पडलेल्या तुम्ही एकट्याच. कमिटीत सगळे विचारायलेत, आपलं चुकलं काय?

लातूर : चुकलं एवढंच, की मला विचारलं नाही. पहाटे पाचला कणीक तिंबत होते. फोन जो वाजायला लागला तो थांबेचना. मला वाटलं, माहेरी कोणाचं काही झालं. कणकेच्या हातानं बघते तर फुलं, गणपती, 'वेलकम, वेलकम'. आणि खाली कोणीतरी लिहिलेलं, 'ही कोण?'

नांदेड : ते नाव बदललेलं ना तुमचं. लग्नात नाव पण बदललं, आडनाव पण. पोरं ओळखतील कसे?

लातूर : जुन्या नावानं तरी कुठं ओळखत होते? तीन वर्षं एका वर्गात बसलो आपण. पोरींचे बाक डाव्या भिंतीला. तुम्ही माझ्याशी एक वाक्य बोललात का तेव्हा, सांगा.

नांदेड : तेव्हा कोण बोलायचं? नोट्स पाहिजे असल्या तर कोणाच्या तरी चुलतबहिणीमार्फत मागायच्या आणि तिच्याच हातानं परत करायच्या.

लातूर : आणि आता ज्यानं कधी मान वर करून बघितलं नाही तो 'काय गं, ओळखलंस का' म्हणून लिहायलाय. नाही, मी नाही ओळखलं. बरं, ते असू द्या. माझा नंबर मिळाला कसा तुम्हाला?

हा प्रश्न विचारला गेला आणि माझ्या मित्राची कळी खुलली. गेले सहा-आठ महिने या माणसानं दुसरं काही केलेलं नाही. शोधण्याच्या गोष्टी तो मोंढ्यातल्या भावासारख्या सांगतो, रोजच्या रोज, कोणी विचारो न विचारो.

नांदेड : पोरांचं सोपं असतं. एक सापडला की तो चार सांगतो. पुण्यात भोसरी-चाकणला बरेच गेले, काही हैदराबादला, निजामाबादला. पोरींचं अवघड. रजिस्टरात नाव आहे ते बापाच्या नावासकट. ते नाव आता फेसबुकवर नाही, मतदार यादीत नाही, गॅसच्या पावतीवर पण नाही. म्हणून मी गाव धरलं. कॉलेजच्या जनरल रजिस्टरात गाव असतं. त्या गावचा कोणी सोयाबीन घेऊन आला की पट्टी हातात देताना विचारायचं, अमक्याची पोरगी कुठं दिली हो? एक म्हातारा तर माझ्याकडं असा बघूलाला, की मी कशाला पोरींची चौकशी करूलालो म्हणून! त्याला चहा पाजून बॅच, कॉलेज, तीस वर्षं सगळं सांगावं लागलं. तुमच्या भावाचा नंबर त्यानंच दिला. एका ठिकाणी फोन लागला तर सून बोलली, सासरे करोनात गेले म्हणून. सासरे! माझ्या डोळ्यांसमोर मिसरूड न फुटलेला पोरगा होता.

लातूर : एवढं केलंत, ते मानलं. पण नंबर मिळाल्यावर ग्रुपात टाकायच्या आधी एक फोन करायला काय झालं होतं?

नांदेड : फोन केला असता तर तुम्ही नाही म्हणाला असता.

लातूर : मग तेच उत्तर होतं की भाऊ!

(मला हसू आलं. त्याला आलं नाही. त्यानं पिशवीतून पत्रिका काढून तिच्यापुढे ठेवली. ती तिनं पुसलेल्या हातानं धरली आणि वाचता वाचता एका ओळीवर थांबली.)

लातूर : साडेअकरा वाजता काय लिहिलंय हे? 'यशस्वी विद्यार्थ्यांचा सत्कार'. कोण यशस्वी?

नांदेड : एक उपजिल्हाधिकारी झालाय. दोघं प्राध्यापक. एकाचा पुण्यात कारखाना आहे. एकीची मुलगी अमेरिकेत...

लातूर : मुलगी कुठं आमच्या वर्गात होती? भाऊ, तुम्ही येताना चौकातले फ्लेक्स बघितले का? नीटचा निकाल लागला की अख्खं लातूर पोरांच्या फोटोंनी भरतं. सातशेवीसपैकी किती, ते फोटोपेक्षा मोठं. लातूर पॅटर्न म्हणून आम्हाला अभिमान आहे त्याचा, माझं पोट त्याच्यावर चालतं, मी नावं ठेवणार नाही. पण मी ते डब्यांकडून बघते. जूनमधे डबे वाढत जातात. दिवाळीला पोरं घरी जातात आणि काही डबे परत सुरूच होत नाहीत. झाकणावर मी मार्करनं नाव लिहिते. कोणी शिरूर ताजबंदचं, कोणी मुखेडचं, कोणी पार यवतमाळचं. नाव घासून काढायचं आणि दुसऱ्याचं लिहायचं. आईबापाचा फोन पैशाच्या हिशेबासाठी येतो. पोराचं काय झालं ते कोणी सांगत नाही, मलाही विचारायला जीभ रेटत नाही. फ्लेक्सवर जे नाहीत ते सगळे माझ्याकडं जेवून गेलेले असतात. आता तुम्ही पन्नाशीतल्या माणसांचा पण फ्लेक्स करणार का?

मधेच माझं एक सांगतो. सत्काराची ही ओळ कमिटीला एकटीला सुचलेली नाही. हल्ली कॉलेजांनाही माजी विद्यार्थी हवे असतात. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा स्वतंत्र भाग आहे. संघटना नोंदणीकृत आहे का, तिनं कॉलेजला किती लाख दिले, हे लिहून द्यावं लागतं. (नॅकचा जन्मही १९९४चाच. या बॅचच्या नशिबात त्या साली काय काय लिहिलं होतं!) त्यात वाईट काही नाही. कॉलेजला इमारत लागते, प्रयोगशाळा लागते. पण अहवालात चिकटवायला फोटो लागतो आणि फोटोत कोण उभं राहावं हे मग आपोआप ठरतं. हे मी बोलून दाखवलं तर मित्र माझ्यावरच उखडला.

नांदेड : तुम्हाला लिहायला काय जातंय? सत्कार नसला तर तो उपजिल्हाधिकारी येत नाही. तो आला नाही तर त्याच्यामागचे दहा येत नाहीत. हॉलचं भाडं, जेवण, फोटोवाला कोण देणार? आणि ताई, तुम्ही म्हणायलात तसं नाही. आम्ही सगळ्यांना बोलावलंय. पंच्याण्णवला पास झालेल्या एकूण एकाला.

लातूर : पास झालेल्या. यादी कोणत्या मस्टरवरून केली?

नांदेड : तिसऱ्या वर्षाच्या. बॅच म्हणजे तीच ना.

लातूर : आणि पहिल्या वर्षाला जे होते ते? आठवतं का, पहिल्या वर्षी एका बाकावर तिघं दाटीवाटीनं बसायचो, उशीर झाला तर खिडकीत. तिसऱ्या वर्षी मागचे बाक मोकळे. कुठं गेले ते सगळे? आमच्यातल्या किती जणींची पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यातच लग्नं लागली. पोरं इंग्रजीत राहिली, परत फॉर्म भरला, परत राहिली, मग गाडीवर क्लीनर म्हणून गेली. ती बॅच नाही?

नांदेड : अहो, त्यांना कशाला बोलवायचं? मी उलटं विचारतो. जो इंग्रजीत नापास होऊन गेला त्याला तीस वर्षांनी उपजिल्हाधिकाऱ्याच्या शेजारी बसवून त्याचा मान होईल का अपमान? मला तर वाटतं त्याला सुखानं राहू द्यावं. झाकलेली मूठ.

लातूर : नापास झालेला माणूस म्हणजे झाकून ठेवायची गोष्ट आहे का? तुमच्या नांदेडातच पीपल्स कॉलेजला कुरुंदकर प्राचार्य होते. इंटरच्या परीक्षेनं त्यांना किती वर्षं अडवून ठेवलं ते सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. आमचे मराठीचे सर ती गोष्ट दरवर्षी सांगायचे, निकालाच्या आदल्या आठवड्यात.

नांदेड : कुरुंदकर एकच होते, ताई.

लातूर : हो, आणि नापास झालेले पुष्कळ होते. म्हणूनच म्हणते.

इथं दोघंही थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं विषय मिटला. पण माझ्या मित्राच्या मनात वेगळंच चाललं होतं. तो एकदम किल्लारीवर आला.

नांदेड : तुम्ही आम्हाला काय समजता ताई? मी किल्लारीला होतो. भूकंप झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी एनएसएसच्या ट्रकमधून गेलो. पाऊस चालू. ती माळवदाची घरं, वर हातभर मातीचं छत आणि खाली दगडाच्या भिंती, सगळं ओलं होऊन आणखी जड झालेलं. फावडं लावायला भ्यायचो, खाली काय लागेल म्हणून. एका घराच्या ढिगात देव्हारा तसाच्या तसा होता, आणि घरातलं कोणी नव्हतं. त्या ट्रकमधे कोण कोणत्या जातीचा, कोण पहिला आलेला आणि कोण नापास, कोणी विचारलं नाही. एका परातीत हात घालून खिचडी खाल्ली आम्ही. रात्री शाळेच्या ओट्यावर एकमेकांना टेकून झोपलो. मला ते लोक परत बघायचे आहेत. बाकी सत्कार-बित्कार गेला खड्ड्यात. मोंढ्यात दिवसभर माणसं माझ्याशी भाव बोलतात. घरी गेलो की पोरगा मोबाइलमधे. ज्यांच्यासोबत तसलं काही बघितलं ते आता कुठं आहेत, एवढंच मला बघायचंय. त्यात पाप आहे का?

लातूर : नाही. पाप नाही. पण भूकंप सप्टेंबरमधला. त्याच्यानंतरचं पण आठवतं का?

नांदेड : (थोडं थांबून) आठवतं.

त्याच्यानंतरचं म्हणजे काय, ते तरुण वाचकांसाठी सांगावं लागेल. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ला केला आणि मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरं जळली. ठराव सोळा वर्षं तसाच राहिला. नोव्हेंबर १९९३मधे नामांतरासाठी गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केलं. किल्लारीच्या मलब्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. जानेवारीत नामविस्तार जाहीर झाला. कॉलेजातली, वसतिगृहांतली ती थंडी ज्यांनी बघितली त्यांना 'राजकारण आणि जातपात नको' या नियमाचा अर्थ नीट कळतो.

लातूर : एका परातीत खाल्लेली पोरं जानेवारीत वेगवेगळ्या बाकांवर बसली. कोणी सांगितलं नाही, आपोआप बसली. माझ्या खोलीत एक मुलगी होती, हदगाव तालुक्यातली. वर्गात तिचं अक्षर सगळ्यांत चांगलं; तुम्ही ज्या नोट्स चुलतबहिणीमार्फत मागवायचात ना, त्यातल्या निम्म्या तिच्या होत्या. जानेवारीत तिचे वडील आले. गावात वातावरण बरं नाही म्हणाले, शहरात तर त्याहून नाही. पत्र्याची पेटी होती तिची, निळी. तिचं कुलूप लागेना म्हणून सुतळीनं बांधली आम्ही दोघींनी. पुढच्या वर्षी येते म्हणाली. तुमच्या यादीत ती नाही. तिसऱ्या वर्षाला नव्हतीच, तर असेल कशी?

नांदेड : दुसऱ्या वर्षाचं मस्टर मी बघितलंय. काही नावांवर लाल शाईनं रेघ मारलेली आहे.

लातूर : त्यातलं एक तिचं असणार.

नांदेड : मी त्या वेळी कोणत्या बाकावर बसलो होतो ते मला माहीत आहे, ताई. मला शिकवू नका. पण ते सगळं आधी बोलायचं, हिशेब करायचा, मग भेटायचं, असं म्हटलं तर भेट होणारच नाही. माणसं आधी एका ताटाला बसतात, मग कधीतरी बोलतात. मोंढ्यात मी पंचवीस वर्षं हेच बघतोय. भांडण मिटवून मग चहा, असं कोणी करत नाही. चहा पिता पिता मिटलं तर मिटतं.

लातूर : चहाला तिला बोलावलं तर ना! तिला न बोलावताच तुमचं मिटणार, आणि मग फोटो काढून 'आपली बॅच एक' म्हणून टाकणार.

नांदेड : एक मिनिट. एक मिनिट ताई. तुम्हाला शोधलं तर तुम्हाला राग. पाच मिनिटांत ग्रुपमधून बाहेर. आणि आता म्हणता तिला शोधा. तिला राग येणार नाही कशावरून? तिला विसरायचं असेल. तिच्या सुनेला, जावयाला माहीतही नसेल काही. माझ्यासारखा कोणी म्हाताऱ्याला चहा पाजून तिचा पत्ता काढेल ते चालेल तिला?

हा डाव चांगला होता. मला वाटतं त्या दुपारचा खरा मुद्दा हाच. ज्याला कोणी शोधत नाही त्याला वाटतं आपण कोणाच्या खिजगणतीत नाही. ज्याला शोधून काढलं त्याला वाटतं आपल्या घरात न विचारता कोणी शिरलं. यादीच्या बाबतीत मी तिच्या बाजूचा आहे, भेटण्याच्या बाबतीत त्याच्या. दोन्ही एकाच माणसाला कसं जमावं, ते तिनं मग बोलून दाखवलं. पण सरळ नाही.

लातूर : मी नाही शोधलं असं वाटतं का तुम्हाला? हदगावला नात्यात लग्न होतं तेव्हा विचारलं. गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. ते लोक नांदेडला गेले म्हणाले, मग कोणी म्हणालं मुंबईला. त्याच्यापुढं मी काही केलं नाही. मेस, पोरांची शिक्षणं, २०१६चा तो दुष्काळ, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं आणि मी पत्रावळीवर जेवायला वाढायची, ताटं धुवायला पाणी नाही म्हणून. त्यात राहिलं ते राहिलंच.

नांदेड : वडिलांचं नाव द्या मला. आमच्या दुकानात हदगावचा माल येतो.

लातूर : देते. पण पट्टी देताना विचारायचं नाही. मोंढ्यात तिचं नाव निघता कामा नये. गाव तुम्ही बघा, नंबर मिळाला तर मला द्या. फोन मी करीन. मी कोण, कोणत्या खोलीतली, ते आधी सांगीन. ती ये म्हणाली तर भेटायला जाईन. गेट टुगेदरचं नंतर. ग्रुपमधे टाकायचं नाही, 'एक हरवलेली मैत्रीण सापडली' म्हणून तर मुळीच नाही.

नांदेड : बरं. आणि ती नाही म्हणाली तर?

लातूर : तर नाही. मला कळलं तेवढं बस आहे.

नांदेड : आणि बाकीचे? पहिल्या वर्षाचं मस्टर काढायचं म्हटलं तर माझं आणखी एक वर्ष गेलं. तारीख ठरलीय, हॉलचा अ‍ॅडव्हान्स दिलाय.

लातूर : सगळे सापडतील असं कोण म्हणतंय? पत्रिकेवर लिहा की १९९२ला प्रवेश घेतलेले सगळे. ज्याला यायचं तो येईल. तुमच्याकडं दुसऱ्या वर्षाचं मस्टर आहे, तिथून सुरू करा. लाल रेघेवाल्यांपासून.

नांदेड : पत्रिका छापून झाल्यात, ताई.

लातूर : व्हॉट्सअ‍ॅपवरची कुठं छापलीय? ती बदलता येते.

इतक्यात गॅस पेटवल्याचा आवाज आला. तिच्या मदतीला येणारी बाई भाकरीचं पीठ घेऊन बसली होती. बाहेर सायकली लागायला लागल्या. एक पोरगं दारातूनच ओरडलं, काकू, आज भाजी काय आहे? ती उठली. मित्र पत्रिका घडी घालून खिशात ठेवत होता, तेव्हा तिनं परत मागितली आणि साडेअकराच्या ओळीवर बोट ठेवलं.

लातूर : आणि हे?

नांदेड : सत्काराचं मला एकट्याला ठरवता येत नाही. कमिटीला विचारावं लागेल.

लातूर : मग विचारा की. मी पण येते का नाही ते त्याच्यानंतर सांगते.